घडी मोडण्याआधी

आमच्या दुकानाच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा एक जुडगा अजून जपून ठेवलेला आहे. रेल्वेच्या जुन्या जाड तिकिटाएवढी प्रत्येक चिठ्ठी, वरच्या कोपऱ्यात भोक, भोकात ओवलेला पांढरा दोरा आणि मधोमध निळ्या शाईने लिहिलेली तीन किंवा चार अक्षरे. किंमत नाही, माप नाही, कापडाचे नाव नाही. १९९६ साली लग्न होऊन मी कराडला आले, तेव्हा दुकानातल्या प्रत्येक साडीला आणि प्रत्येक सदऱ्याला अशीच चिठ्ठी लटकलेली असे. ही अक्षरे कसली, असे मी विचारले तेव्हा मामंजी नुसते हसले आणि म्हणाले, "कळेल हळूहळू."

कळायला तीन वर्षे लागली. घरात एक शब्दसमूह ठरलेला होता. त्यात मोजून दहा अक्षरे होती आणि एकही अक्षर पुन्हा येत नव्हते. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, अशा क्रमाने जात दहावे अक्षर म्हणजे शून्य. या अक्षरांत मालाची खरेदीची किंमत लिहायची. कापडाच्या धंद्यात ही पद्धत काही आमचीच नव्हे. पेठेतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या दुकानाचा असा आपापला शब्द असे आणि तो तिजोरीच्या किल्लीसारखाच सांभाळला जाई. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना आमचे अण्णा, म्हणजे गादीवरचे सर्वांत जुने विक्रेते, सहज हात लागल्यासारखी चिठ्ठी उलटत, अक्षरे वाचत आणि पापणी लवायच्या आत भाव सांगत. कोणाला किती सांगायचा हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसे. ते गिऱ्हाइकाच्या चपलेवरून, हातातल्या पिशवीवरून, सोबत कोण आहे यावरून आणि पहिल्या दोन वाक्यांवरून ठरे. तो शब्द मला १९९९ साली सांगण्यात आला. मी तो इथेही लिहिणार नाही. सवयीला इलाज नाही.

त्या दुकानात फळ्यांवर एकही पाटी नव्हती. जमिनीवर गादी, गादीवर रोज बदललेली पांढरी चादर, टेकायला लोड आणि मागे छतापर्यंत गेलेल्या सागवानी फळ्या. इरकल कोणत्या फळीवर, परकराचे कापड कुठे, बाळंतविड्याची झबली कोणत्या गठ्ठ्यात, नऊवारी डावीकडे की उजवीकडे, हा सगळा नकाशा अण्णांच्या डोक्यात होता आणि तो इतका पक्का होता की वीज गेल्यावरही ते अंधारात हात घालून नेमका ताका काढत. मापाच्या बाबतीतही तेच. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या खांद्यांकडे एकदा पाहून ते म्हणत, "बेचाळीस." टेप लावून पाहणारे गिऱ्हाईक स्वतःच खजील होई, कारण बेचाळीसच निघत असे.

या कौशल्याचे मला कौतुक होते आणि आजही आहे. पण त्या कौतुकाची दुसरी बाजू मला ठाऊक होती, कारण लग्नाआधीची वीस-बावीस वर्षे मी अशाच दुकानांच्या गादीच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. माझी आई दुकानात शिरण्याआधी पायरीवर थांबत असे, पदराआड पैशांची पुरचुंडी एकदा चाचपून पाहत असे आणि मला हलक्या आवाजात बजावत असे, "आत गेल्यावर काही मागायचं नाही." आत गेल्यावर तिला आधी बोलावे लागे. काय हवे, कोणासाठी हवे, साधारण कितीपर्यंतचे हवे, हे सगळे परक्या पुरुषाला, शेजारी बसलेल्या परक्या बायकांच्या देखत सांगावे लागे. तिने सांगितलेल्या रकमेच्या थोड्या वरचा माल पुढ्यात येई आणि मग घड्या मोडायला सुरुवात होई.

आपल्याकडे साडीची घडी मोडणे म्हणजे ती पहिल्यांदा नेसणे. दुकानात मात्र या शब्दांना वेगळीच धार असते. विक्रेता एकापाठोपाठ एक घडी मोडत जातो, पांढऱ्या चादरीवर रंगांचा ढीग साचत जातो आणि प्रत्येक मोडलेल्या घडीबरोबर समोरच्या बाईवरचे ओझे वाढत जाते. आता उठून कसे जायचे? या माणसाने एवढा पसारा केला, याला सगळे पुन्हा आवरून ठेवावे लागणार. आई अनेकदा न आवडलेली साडी घेऊन बाहेर पडली आहे. घरी आल्यावर ती साडी कपाटात तळाला जाई आणि पुढे कोणाच्या तरी ओटीत.

आम्ही गादी काढून कपडे उघड्यावर मांडले आणि प्रत्येकावर भाव लिहिला ते वर्ष २०११. मामंजींचा विरोध होता आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ते म्हणत, "भाव लिहिला की बोलणं संपलं, आणि बोलणं संपलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात." त्यांच्या दृष्टीने दुकान म्हणजे बोलण्याची जागा होती, उधारी, लग्नांच्या बातम्या, ऊसाचा हप्ता निघाला की नाही, हे सगळे त्या गादीवरच कळत असे. किंमत लिहिण्याची कल्पना काही माझी नव्हती आणि नवीही नव्हती. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको नावाच्या माणसाने १८५२ साली बाँ मार्शे या दुकानात भागीदारी घेतली आणि प्रत्येक वस्तूवर किंमत मांडून, घासाघीस बंद करून, घेण्याची सक्ती नसताना कोणालाही आत येऊन हिंडू दिले. आपल्याकडेही 'एकच भाव' अशी पाटी मिरवणारी दुकाने होतीच. पण 'एकच भाव' ही पाटी आणि प्रत्येक कपड्यावर दिसणारा भाव, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्या दुकानातही विचारावे लागतेच, फक्त सर्वांना एकच उत्तर मिळते.

फळ्यांना पहिल्यांदा पाट्या लावल्या त्या दिवशी अण्णा बराच वेळ काही न बोलता त्यांच्यासमोर उभे होते. 'सहावारी सुती', 'सहावारी सिल्क', 'नऊवारी', 'परकर व अस्तर', 'शालेय गणवेश'. मग म्हणाले, "माझं डोकं भिंतीवर टांगलंत की वैनी." ते रागाने म्हणाले की गमतीने, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

मांडणीचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नसते, आणि मी ते चुकत चुकत शिकले. हँगरची आकडी सगळ्यांची एकाच दिशेला, भिंतीकडे वळलेली असावी, म्हणजे गिऱ्हाइकाला एका हाताने कपडा अलगद उचलता येतो; एकही आकडी उलटी असली की शेजारचे दोन कपडे खाली येतात. दोन हँगरांमध्ये दोन बोटे सहज जातील एवढी जागा हवी. त्याहून कमी असेल तर कपडा ओढून काढावा लागतो, आणि ओढून काढायची वेळ आली की लाजरे गिऱ्हाईक तो काढतच नाही. घडीच्या चळतीत लहान माप वर आणि मोठे खाली ठेवायचे, तर दांडीवर डावीकडून उजवीकडे मापे वाढत जातील असे पाहायचे आणि मापांच्या मध्ये आकडे लिहिलेल्या प्लास्टिकच्या गोल चकत्या अडकवायच्या. घडी घालताना आत पुठ्ठा धरून घालायची आणि मग पुठ्ठा ओढून घ्यायचा, म्हणजे सगळ्या घड्या एकाच रुंदीच्या होतात. ही शिस्त दिवसातून निदान चार वेळा मोडते आणि चार वेळा पुन्हा लावावी लागते. संध्याकाळी सातनंतर ती लावण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

चिठ्ठी अडकवण्याचे पिस्तूल आणले तेव्हाची फजिती अजून आठवते. पुठ्ठ्याला दोरा ओवून गाठ मारण्यापेक्षा ते फारच झटपट काम होते. खटका दाबला की प्लास्टिकची बारीक पिन कापडातून आरपार जाते आणि चिठ्ठी लटकते. मी एका दुपारी उत्साहाने चाळीस रेशमी-सुती कुर्त्यांना, अगदी समोर दिसावे म्हणून, गळ्याखालच्या पट्टीवरच चिठ्ठ्या टोचल्या. दिवाळीत पहिली कुर्ती विकली गेली, चिठ्ठी कापली, आणि छातीवर टाचणीच्या डोक्याएवढे भोक उरले. पाण्याचा हात फिरवला, इस्त्री केली, नखाने धागे सरकवले, पण रेशमाचा तुटलेला धागा जुळत नाही. उरलेल्या एकोणचाळीस निम्म्या किमतीत गेल्या. पिन काखेतल्या शिवणीतून नाहीतर धुण्याच्या सूचनांच्या फितीतून घालायची असते, हे मला त्यानंतर कोणी सांगावे लागले नाही. चिठ्ठी गिऱ्हाइकासाठी असली तरी ती कपड्याच्या जिवावर उठता कामा नये.

किमतीचा प्रश्न तसा लवकर सुटला. मापांचा नाही. स्मॉल, मीडियम, लार्ज ही अक्षरे दिसायला सोपी, पण एका कंपनीचा लार्ज छातीला चाळीस इंच तर दुसरीचा बेचाळीस. आता नियमानुसार अक्षरांच्या जोडीला सेंटिमीटरमध्येही माप छापलेले असते, पण आमच्याकडे सेंटिमीटरमध्ये स्वतःची छाती माहीत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मुळात ही मापे आपल्या अंगावरून बेतलेली नाहीत. परदेशी तक्ते थोडे इकडेतिकडे करून ती आलेली आहेत. म्हणूनच केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'निफ्ट' या फॅशनचे शिक्षण देणाऱ्या संस्थेमार्फत देशातल्या सहा शहरांमध्ये पंचवीस हजारांवर लोकांची शरीरे यंत्राने मोजून भारतीय मापे ठरवण्याचा प्रकल्प हाती घेतला. तोवर आम्ही आमच्यापुरती एक सोय केली आहे: चकतीवर अक्षर असते, आणि त्याखाली मी स्वतः टेप लावून पाहिलेली छाती इंचांत लिहिते. अण्णांचा 'बेचाळीस' अशा रीतीने चकतीवर परत आला.

लहान मुलांच्या कपड्यांत तर मी कंपन्यांच्या चिठ्ठ्यांशी उघड भांडण मांडले आहे. पूर्वी फ्रॉक आणि सदरे १६, १८, २०, २२ अशा सम आकड्यांनी ओळखले जात. त्या आकड्यांत कोणाचा मान-अपमान नव्हता. मग वयाच्या चिठ्ठ्या आल्या: ४-५ वर्षे, ६-७ वर्षे, ८-९ वर्षे. एका जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या गडबडीत, एक बाई मुलाला घेऊन आली. मुलगा नऊ वर्षांचा, अंगाने किरकोळ. '८-९'चा सदरा त्याच्या खांद्यावरून ओघळत होता आणि '६-७'चा नेमका बसला. तो आरशात पाहून खूश झाला, मग सहज कॉलर उलटी करून त्याने आतला आकडा वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "हा पहिलीतल्या पोरांचा आहे," असे म्हणत त्याने सदरा भराभरा काढून टाकला. आईने त्याची समजूत घातली नाही. तिला तर कारणच मिळाले. "वाढत्या अंगाचा घेऊ, दोन वर्षं जाईल," म्हणत तिने मोठाच सदरा घेतला. वाढत्या अंगाचा कपडा ही मराठी घरातली स्वतंत्र मापपद्धती आहे आणि ती कोणत्याही कंपनीच्या तक्त्यात नाही. पण त्या मुलाची मान ज्या छापील आकड्याने खाली गेली, तो आकडा मी विकायला मांडला होता. त्यानंतर आमच्या चकत्यांवर पुन्हा २४, २६, २८ आले. कॉलरच्या आत कंपनीची फीत असतेच, ती काही मी कापू शकत नाही.

मोठ्या मापांच्या बाबतीत माझी चूक याहून मोठी होती. चळतीत मोठे माप खाली, या नियमाने डबल एक्सएल आणि ट्रिपल एक्सएल सर्वांत खालच्या फळीवर गेले, आणि ते सापडावेत म्हणून मी वर ठळक पाटी लावली, 'मोठ्या मापाचे कपडे'. मला वाटले, सोय केली. पुढे लक्षात आले की त्या पाटीखाली कोणी उभेच राहत नाही. एक शिक्षिका नेहमी यायच्या. त्या शेजारच्या ओढण्या पुन्हा पुन्हा चाळत राहायच्या, आणि दुकान जरा रिकामे झाले की पटकन वाकून खालच्या फळीतला एखादा कुर्ता ओढून, घालून न बघताच घेऊन जायच्या. ज्या बाईला वाकणे अवघड, तिलाच मी वाकायला लावत होते, आणि तेही चारचौघांत, डोक्यावर पाटी घेऊन. पाटी काढली. प्रत्येक रंगाच्या दांडीवर सगळी मापे ओळीने लावली आणि मोठी मापे हाताच्या उंचीवर आणली. मालाचे सांगायचे तर तो हलू लागला, पण मला जास्त लक्षात राहिले ते हे की त्या बाई आता ओढण्यांकडे फिरकत नाहीत.

रंगांच्या नावांवरही कधीतरी स्वतंत्र लिहायला हवे. पुरवठादाराच्या यादीत 'वाइन', 'मस्टर्ड', 'ऑनियन' असे रंग असतात. दारात आलेली बाई मात्र आमसुली, अबोली, चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी असे मागते. तिने मागितलेला चिंतामणी म्हणजे यादीतला कोणता, हे सांगायला कोणतेही यंत्र कामाचे नाही. मी पाट्यांवर मराठी नावे लिहिते, आणि कॉलेजच्या मुली ती वाचून हसतात, मग आईला फोन करून विचारतात. मराठी पाट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते: दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या प्रत्येक दुकानाचे नाव देवनागरीत लिहिणे सक्तीचे झाले, पण तो नियम दाराबाहेर संपतो. आत शिरले की 'किड्स', 'एथनिक', 'कॅज्युअल' सुरू होते. आम्ही आतल्या पाट्या कामावरून ठेवल्या आहेत, 'घरात वापरायचे', 'रोज कामावर जाताना', 'लग्नकार्याला', आणि त्यामुळे 'एथनिक'ला मराठीत काय म्हणावे या चर्चेतून आमची सुटका झाली.

मागच्या वर्षीच्या नवरात्राने मात्र आमच्या सगळ्या मांडणीची कसोटी पाहिली. नवरात्राच्या नऊ रंगांची प्रथा गेल्या वीसेक वर्षांत वर्तमानपत्रांमुळे घराघरांत पोहोचली आहे आणि रंग वारावरून ठरतात. घटस्थापना २२ सप्टेंबर २०२५ रोजी, सोमवारी आली, म्हणजे पहिला रंग पांढरा. त्याच दिवसापासून तयार कपड्यांवरचे जीएसटीचे नवे दरही लागू झाले. १ जुलै २०१७ पासून हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा हिशेब होता. आमच्या निम्म्या चिठ्ठ्यांवर ९९९ हा आकडा दिसे त्यामागे गिऱ्हाइकाचे मन जेवढे होते, तेवढीच ही रेघही होती. आता ती रेघ अडीच हजारांवर सरकली; खाली ५ टक्के, वर १८. साडी मात्र या सगळ्यातून अलिप्त राहिली, कारण ती शिवलेली नाही आणि कायद्याच्या लेखी ती कापडच आहे; वीस हजारांच्या पैठणीला ५ टक्के आणि तीन हजारांच्या शेरवानीला १८ टक्के हे नवऱ्या मुलाच्या बापाला समजावताना माझी दमछाक होते.

रविवारी रात्री, सर्वपित्रीचा स्वयंपाक आवरून, आम्ही पाच जण दुकानात बसलो. दोन मुली सगळ्या दांड्यांवरून पांढरे, मोतिया आणि दुधी रंगाचे कपडे वेचून दर्शनी भागात आणत होत्या आणि उरलेले आम्ही जुन्या किमतीशेजारी नव्या किमतीची स्टिकरे चिकटवत होतो. १९९९ ची कुर्ती १८७४ ला झाली. जुना आकडा झाकायचा नव्हता. दोन्ही दिसायला हवे होते. रात्री एकच्या सुमारास थोरल्या मुलाने विचारले, "गिऱ्हाईक खरंच एवढं वाचतं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कपड्यांच्या दांडीपाशी एक तरुण बाई आली, बहुधा कुठल्या तरी दवाखान्यात काम करणारी. आमच्यापैकी कोणी पुढे गेले नाही. तशी आमची रीत आहे, गिऱ्हाइकाने मान वर करेपर्यंत थांबायचे. तिने पहिल्यांदा कापड पाहिले नाही. चिठ्ठी हातात घेतली, दोन्ही आकडे वाचले, बोटांवर काही हिशेब केला आणि ठेवून दिली. दुसरी चिठ्ठी, तिसरी. चौथ्या चिठ्ठीपाशी ती थांबली, आणि मग पहिल्यांदा तिने त्या कुर्तीची बाही दोन बोटांत धरून कापड चोळून पाहिले. आधीच्या तीन तिला परवडत नव्हत्या हे त्या दुकानात तिच्याशिवाय कोणाला कळायचे कारण नव्हते. मी गल्ल्यावर बसून पाहत होते म्हणून मला कळले, आणि मी मान खाली घातली.

अण्णा आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि बाजारच्या दिवशी तासभर येऊन बसतात. जुनी गिऱ्हाइके अजून चिठ्ठी न वाचता त्यांनाच भाव विचारतात. तेही चिठ्ठी न वाचता सांगतात, आणि चिठ्ठीवर जो असेल त्याहून वीस रुपये कमीच सांगतात. ते वीस रुपये कोणाच्या खात्यावर घालायचे हे आमच्या संगणकाला कळत नाही. मामंजी गेले, पण बोलणे संपले की गिऱ्हाईक जाते हे त्यांचे म्हणणे बाजारच्या दिवशी मला निम्मे तरी मान्य करावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते. बारकोडची स्टिकरे छापणाऱ्या आमच्या संगणकात एक रकाना आहे. त्यात दहा अंकांसाठी दहा अक्षरे भरून ठेवता येतात, आणि मग प्रत्येक स्टिकरच्या तळाशी, किंमत, माप आणि रंग यांच्या खाली, खरेदीची किंमत त्या अक्षरांत आपोआप छापली जाते. तो रकाना मी पहिल्याच दिवशी भरला. शब्द बदलला नाही.

दिवाळीनंतर कामाला लागलेली नवी मुलगी परवा स्टिकरे लावत असताना थांबली, एक स्टिकर डोळ्यांजवळ नेऊन तिने त्यातली बारीक अक्षरे वाचायचा प्रयत्न केला आणि मला विचारले, "काकू, हे खाली काय लिहिलंय?"

"मालाचा नंबर आहे," मी म्हणाले.